दोन्ही हात बटणांवर

२० जून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात आणि बाबाही नेहमीसारखेच कुरकुरतात, त्यामुळे घरात काही बदल झालाय असं वाटून घेऊ नकोस.

तुझं पत्र मैत्रिणीच्या पत्त्यावर मिळालं. तिच्या आईला आता संशय यायला लागलाय. काल मला म्हणाली, "कोण गं हा, दर आठवड्याला पत्र लिहिणारा?" मी म्हटलं, "सख्खा भाऊ आहे हो माझा." तिनं अशी मान हलवली की जणू मी फारच ठरीव थाप मारली. आता खरं सांगूनही कुणाचा विश्वास बसत नसेल तर मी काय करू?

आधी मुख्य बातमी. मी पास झाले. एकाहत्तर टक्के! बाबांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि कारखान्यात घेऊन गेले. तिथं म्हणे चहाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवली. शेजारच्या मशीनवरचे काका आईला सांगत होते. मला तोंडावर बाबा काय म्हणाले असतील? "गणितात आणखी यायला हवे होते." बस्स.

बारावीची परीक्षा संपल्यापासून मी नोकरी शोधतेय. नुसता नन्नाचा पाडा चाललाय. चपलांच्या दुकानात म्हणाले, तुझी उंची कमी, वरच्या खणातली खोकी कशी काढशील? मी म्हटलं, स्टूल घेईन. म्हणाले, गिऱ्हाइकासमोर स्टुलावर चढलेलं बरं दिसत नाही. एका कचेरीत अनुभव विचारला. नुकतीच बारावी झालेल्या मुलीला कशाचा अनुभव असणार, नापास न होण्याचा? दातांच्या डॉक्टरनं विचारलं, रक्त बघून चक्कर येते का? मी छाती पुढे काढून नाही म्हणाले, तर त्यानं आपल्या मेहुणीच्या मुलीला घेतलं. तिला चक्कर येते. मी स्वतः विचारलं तिला.

अशा अकरा जागा झाल्या. रोज संध्याकाळी बाबा पाळी संपवून येतात, चपला काढतात आणि विचारतात, "कुठून काही आलं का गं?" मी "नाही" म्हणते. मग ते हात धुवायला जातात. त्यांना घाई आहे हे कळतं मला. जानेवारीत ते निवृत्त होणार. एकदा निवृत्त झाले की ही कारखान्याची खोली दोन महिन्यांत रिकामी करायची. आईनं आत्ताच डोळ्यांनी सामान बांधायला सुरुवात केली आहे. बोलताना मध्येच कपाटाकडे बघत बसते.

आता तुझ्या आवडीचं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नावनोंदणीच्या आणि नजर तपासायच्या जागेसाठी परीक्षा देऊन आले. तुझ्या गावात येऊनही तुला भेटले नाही म्हणून रागावू नकोस, शेवटच्या बसनं परतायचं होतं. घरी सांगितलं होतं की मैत्रिणीच्या मावशीकडे जाते. लेखी परीक्षा झाली आणि मग त्यांनी हातात एक छडी दिली. म्हणाले, या आजोबांना तक्त्यावरची अक्षरं विचार. आजोबांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी घडाघडा म्हटली. मला शंका आली. मी ओळ उलटीकडून विचारली, तर आजोबा गप्प! आधीच्या माणसाची ऐकून पाठ केली होती लबाडानं. का, तर चष्मा नको म्हणून. परीक्षा घेणाऱ्या बाई इतक्या हसल्या! आजोबापण हसले. दादा, मला तिथं फार बरं वाटलं रे. माणसाला नीट दिसत नाही हे आपण शोधून काढायचं आणि मग त्याला नीट दिसायला लागतं, याहून चांगलं काम मला सुचत नाही.

नेमणुकीची ऑर्डर हातात पडेपर्यंत बाबांना चकार शब्द सांगायचा नाही, हे तुझं म्हणणं मान्य. तुझ्या गावाचं नाव निघालं तरी त्यांना ठसका लागतो. दोन वर्षं झाली तू कारखान्यातली जागा लाथाडून गेल्याला, पण त्यांच्या डोक्यात ते कालच घडलंय. "माझा शब्द खाली पडला" हे अजून बोलतात. तुझं नाव न घेता बोलतात, पण बोलतात.

तब्येत सांभाळ. वेळेवर जेव.

तुझी,
टकळी


८ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. आधी वाईट बातमी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. शुक्रवारी दुपारी बाबांचा हात मशीनमध्ये सापडला. डावा. चार बोटं गेली. अंगठा राहिला. जिवाला धोका नाही.

लिहिलं एकदाचं.

मी घरीच होते. शेजारच्या मशीनवरचे काका धावत आले. तुला आठवतात ना, दोघांचे डबे नेहमी एकत्र उघडायचे, ते. त्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं. आईला वाटलं, त्यांनाच लागलंय. ती पाणी आणायला आत गेली आणि तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं. आई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा माझं तोंड बघूनच खाली बसली. तांब्या मात्र तिनं सांडू दिला नाही. नीट जमिनीवर ठेवला आणि मग रडली.

दवाखान्यात बाबांचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधलेला होता. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, उजवा आहे की." शनिवारी व्यवस्थापक स्वतः आले. फळं घेऊन आले होते. फोरमननं जबाब लिहून आणला होता, मशीनमध्ये बिघाड झाल्यानं अपघात. बाबांनी उजव्या हातानं सही केली. मग व्यवस्थापक म्हणाले, कामावर असताना कामगार कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या एका बारावी पास मुलाला किंवा मुलीला त्याच जागी घेतात, तसा नियमच आहे. कायमची नोकरी. खोलीसुद्धा आपल्याकडेच राहील. "मुलीला पाठवा पुढच्या महिन्यात," म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. दादा, चार बोटं गेलेला माणूस इतका निवांत हसतो? मला वाटलं, इंजेक्शनचा अंमल असेल.

आता आपलं. दवाखान्याची ऑर्डर आली हे तुला त्याच दिवशी, म्हणजे एक तारखेला, कळवलं होतं. तुझं उत्तरही चार तारखेच्या टपालानं आलं की, चौदाला मला सुट्टी आहे, मी घरी येतो, दोघं मिळून बाबांना सांगू, तोवर थांब. ती ऑर्डर माझ्या शाळेच्या दप्तरात आहे. एकतीस ऑगस्टपर्यंत हजर व्हायचं आहे. कुणाला काही बोलले नाही. आता काय बोलू? माझ्या बाबांनी बोटं गमावली म्हणून मला जागा मिळालीये, आणि मी म्हणू की मला नको, माझ्याकडे दुसरी आहे?

चौदाला येऊ नकोस. आई म्हणते, बाबा घरी येऊ देत, जरा सावरू देत. बाबांनी तर बजावलंय की "त्याला" कळवायचं नाही. मी कळवलं. तू रागाच्या भरात इकडे येऊन पडू नकोस एवढंच.

तू विचारशील की हे कसं झालं. एकतीस वर्षं त्याच मशीनवर काढलेल्या माणसाचा हात आत कसा गेला? मलाही माहीत नाही. सगळे म्हणतात, नशीब.

टकळी


११ ऑगस्ट

दादा,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. माफ कर. आज रविवार आहे. आई-बाबा दुपारचे झोपलेत आणि मी मैत्रिणीच्या घरी बसून लिहितेय. आज सगळं लिहिणार आहे, मध्ये थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

सोमवारपासून मी कामावर जाते. बाबांचीच पाळी, बाबांचंच मशीन. तू शेडमध्ये कधी आला नव्हतास, म्हणून सांगते. लांबच लांब शेड, वर पत्रे, खाली पत्रे, मध्ये माणसं. आमची रांग डब्यांची झाकणं कापते. पत्र्याचा तुकडा मशीनच्या खालच्या साच्यावर ठेवायचा, मशीन खाली येतं, ठक्, आणि झाकण कापलं जातं. तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. आठ तास. आवाज इतका की घरी आल्यावर आई बोलते ते मला खिडकीबाहेरून आल्यासारखं ऐकू येतं. बाबा एवढ्या मोठ्यानं का बोलायचे, ते आता कळलं. आपल्याला वाटायचं, ओरडतात.

पहिल्या दिवशी फोरमननं शिकवलं. साच्याच्या दोन बाजूंना दोन हिरवी बटणं आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे, चांगलं हातभर अंतर. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच मशीन खाली येतं. एक दाबलं तर ढिम्म हलत नाही. "दोन्ही हात बटणांवर," फोरमन म्हणाला. "हे एक वाक्य लक्षात ठेव, बाकी सगळं आपोआप येतं." मी विचारलं, असं का? तर माझ्याकडे मूर्ख आहे का अशा नजरेनं बघून म्हणाला, "अगं, दोन्ही हात बाहेर असले म्हणजे आत कोणता राहील?"

मी हसले. कामाला लागले. पत्रा ठेव, दोन्ही हात बटणांवर, ठक्. पत्रा ठेव, दोन्ही हात बटणांवर, ठक्. पहिल्या चहाच्या सुट्टीपर्यंत मी नुसती मनात ते वाक्य म्हणत होते. आणि मग सुट्टी संपून परत मशीनपाशी उभी राहिले आणि पत्रा साच्यावर न ठेवता ते वाक्य पुन्हा म्हटलं. दादा, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय मशीन खाली येत नाही. मग बाबांचा हात आत कसा होता?

बिघाड म्हणावं तर मशीन दुरुस्त केलेलंच नाही. काहीही बदललेलं नाही. मी फोरमनला विचारलं, तर म्हणाला, कामाकडे लक्ष दे.

मग काकांना गाठलं. संध्याकाळी फाटकाबाहेर. आधी म्हणाले, पोरी, जाऊ दे. मी त्यांचा रस्ता अडवून उभी राहिले. तू ओळखतोस मला, मी एकदा उभी राहिले की राहिले. शेवटी भिंतीला टेकले आणि बोलले.

काही लोक काम लवकर उरकावं म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. ते बटण मग दाबलेलंच राहतं आणि एकाच हातानं मशीन चालतं. सक्त मनाई आहे, सापडलं तर कामावरून काढतात. पाचर लावून अपघात झाला तर एक कपर्दिकही मिळत नाही, वारसाला नोकरीही नाही. बाबांनी एकतीस वर्षांत कधी पाचर लावली नाही. कुणाची दिसली तर उपटून फेकायचे, शिव्या घालायचे. त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाबा लाकडाचा तुकडा तासत बसले होते. काकांनी विचारलं, "हे काय रे?" बाबा म्हणाले, "घरचं टेबल डगमगतं."

आपलं टेबल डगमगत नाही, दादा.

आवाज झाल्यावर काका धावले. डावा हात आत, उजवा हात बटणावर, आणि दुसऱ्या बटणात पाचर. बाबा ओरडले नाहीत. काकांना म्हणाले, "ती काढ. आधी ती काढ." काकांनी पाचर उपटून खिशात टाकली आणि मग लोकांना हाका मारल्या. एवढं सांगून काका माझ्यापुढे हात जोडायला लागले. म्हणाले, "कुणाला बोलू नकोस, पोरी. त्यानं जे केलं ते तुझ्यासाठी केलं. बोललीस तर सगळंच जाईल."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. दारात बाबा होते. म्हणाले, "दमलीस? पहिल्या दिवशी पाय दुखतातच." मी म्हटलं, हो, पाय दुखतात.

आता जे तुला लिहायचं टाळत होते ते लिहिते.

चार जुलै, गुरुवार. अपघाताच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बाबा आले, चपला काढल्या, रोजचा प्रश्न विचारला. "कुठून काही आलं का गं?" तीन दिवस ऑर्डर माझ्या दप्तरात होती. दप्तर त्यांच्या पायापाशी, भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी म्हणाले, "नाही."

नुसतं नाही म्हटलं असतं तरी एक वेळ ठीक. मी त्यावर आणखी म्हणाले, "आणि येईल असं काही वाटत नाही." का म्हणाले? कारण चौदा तारखेला तू येणार, बाबांना एकदम मोठा धक्का द्यायचा, आनंदाचा. मला गंमत वाटत होती. मला आतून हसू येत होतं, दादा.

मग बाबांनी खिशातून एक कागद काढला. कारखान्याच्या फलकावर लागलेल्या नियमांची नक्कल होती. म्हणाले, "जरा वाचून दाखव, माझा चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. मी वाचलं. कामावर असताना जायबंदी झालेल्या कामगाराच्या एका अपत्यास, बारावी उत्तीर्ण असल्यास, वगैरे वगैरे. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. म्हणाले, "म्हणजे यात तू बसतेस?" आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बसते की! पण त्याआधी तुमचा हातपाय तुटायला हवा ना!" आणि खो खो हसले. बाबापण हसले. कागदाची घडी घातली आणि हात धुवायला गेले.

एवढंच. त्या वेळी मी दप्तरात हात घातला असता तर आज माझ्या बाबांना दोन्ही हात असते.

तू थांब म्हणालास, मी थांबले. "तुला मुळीच दोष देत नाही" असं लिहिणार होते. पण देते. थोडा देते. तुझं आणि बाबांचं वैर मिटवायला तुला चांगलं निमित्त हवं होतं, ऑर्डर घेऊन दारात यायचं होतं. मोठा वाटा माझाच आहे, तो मी कुणाला देत नाही.

एकतीस ऑगस्टपर्यंत दवाखान्याची जागा आहे. जायचं म्हणजे बाबांना सांगावं लागेल की ही नोकरी कधीची आली. तारीख छापलेली आहे. ते विचारतीलच, आणि मग त्यांना कळेल की त्यांनी हात दिला तो कशासाठीही दिला नाही. न जावं तर आयुष्यभर त्या मशीनसमोर उभं राहायचं. तिथं उभं राहून मला रोज तो हात दिसतो. काय करू, सांग. तू मोठा आहेस. एकदा तरी मोठ्यासारखं सांग.

तुझी,
टकळी


३१ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र पोचलं. बाबांना खरं सांगून टाक, दवाखान्यात रुजू हो, खोली गेली तर जाऊ दे, आई-बाबांना घेऊन माझ्याकडे ये, मी आहे. चांगलं लिहिलंयस. दोनदा वाचलं आणि रडले. तुझ्यावर आता राग नाही.

पण सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

दवाखान्याच्या फॉर्मवर दोन पत्ते लिहायचे होते. पत्रव्यवहाराचा मी मैत्रिणीचा दिला होता आणि कायमचा म्हणून घरचा. कायमच्या पत्त्यावर कोण कशाला काय पाठवेल, असं वाटलं. गुरुवारी स्मरणपत्र घरी आलं. दिवसभर घरी कोण असतं? बाबा. मी पाळीवरून आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. पाकीट फोडलेलं, कागद समोर. आई स्वयंपाकघरात होती, तिला काही माहीत नव्हतं.

बाबांनी मला बसायला सांगितलं. मग वाचून दाखवलं, चष्मा लावून. "आमच्या २८ जूनच्या नियुक्तिपत्रास आपल्याकडून अद्याप उत्तर आलेले नाही. ३१ ऑगस्टपर्यंत हजर न झाल्यास..." पुढचं त्यांनी वाचलं नाही. बोट २८ जूनवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. उजव्या हाताचं बोट.

"हे तुला कधी मिळालं?"

मी म्हणाले, "हे म्हणजे? काय आहे ते?"

दादा, मला खोटं बोलता येत नाही असं आई म्हणते. त्या दिवशी मला इतकं छान बोलता आलं! मी कागद ओढून घेतला, वाचला, तोंडाचा आ केला. म्हणाले, "अगं बाई! म्हणजे माझी निवड झाली होती? मला तर काहीच आलं नाही. मी समजले, नापास झाले."

"पहिलं पत्र मिळालं नाही?"

"नाही हो. टपालात गहाळ झालं असणार."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आत आई भांडी घासत होती, तो आवाज चालू होता. मग म्हणाले, "होतात गहाळ. टपालाचं काही खरं नसतं." आणि मग, थोड्या वेळानं, "दादाला माहीत होतं?"

दोन वर्षांनी त्यांनी तुला दादा म्हटलं. मी म्हटलं, "त्याला कुठून माहीत असणार? त्यालाही नाही."

त्यांनी मान हलवली. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. "हे बघ, तू जा. एकतीसला अजून दोन दिवस आहेत. हे मशीन तुझं काम नव्हे. माझा हात गेला तो माझ्या हलगर्जीपणानं गेला. लक्ष नव्हतं माझं. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. कळलं? काही संबंध नाही."

मी म्हटलं, "कळलं."

"मग जाशील?"

"नाही," मी म्हणाले. "मला हेच बरं वाटतं. हात बसलाय आता. घराजवळ आहे. तिकडे कोण त्या म्हाताऱ्यांना अक्षरं विचारत बसेल?"

ते खोटं बोलतात हे मला माहीत. मी खोटं बोलते हे त्यांना कळलं असेल का? देवालाच ठाऊक. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पण नंतर जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, गार होतंय. तर म्हणाले, "अठ्ठावीस जून." नुसतंच. आईला वाटलं, त्यांना कसली तरी तारीख आठवली. तिनं विचारलं, कोणाचं काय आहे त्या दिवशी? बाबा उठून गेले.

काल ते अपघातानंतर पहिल्यांदा कारखान्यात गेले. मला सांगितलं नाही, शेडच्या दारातून मला दिसले. फोरमनपुढे उभे राहून काही विनवत होते. आजवर त्यांनी कुणापुढे अशी मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. काकांनी नंतर सांगितलं, मला मशीनवरून काढून झाकणं निवडायच्या टेबलावर घ्या म्हणत होते. तिथं जागा नाही. फोरमन म्हणाला, बघू.

संध्याकाळी मी घरी आले तर बाबा दारातच उभे. म्हणाले, "हात दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून बघितले, एकेक बोट, शाळेत नखं बघायचे तसे. मग आत जाऊ दिलं. मला वाटतं, आता हे रोज होणार.

आज एकतीस तारीख. शनिवार म्हणून आज माझी सकाळची पाळी होती, मी कामावर गेले, आणि आता तीन वाजून गेलेत. दवाखान्याची कचेरी दोनला बंद होते. म्हणजे झालं. उगाच धावपळ करून तिथल्या बाईंना भेटायला जाऊ नकोस. त्यांनी दुसरी मुलगी घेतली असेल. तिलाही कुणीतरी अकरा ठिकाणी नाही म्हटलं असेल.

तू लिहिशील की मी वेडी आहे. असेन. पण जे काम माझ्या बाबांच्या चार बोटांना पडलं, ते सोडून मी तुझ्या गावात छडी घेऊन हसतखेळत उभी राहू शकत नाही. त्यांनी मला मोकळं केलंय, दादा, मीच जात नाही. मी गेले तर घरात रोज संध्याकाळी चपला काढल्याचा आवाज येणार नाही आणि बाबांना बसून नुसता हिशेब करावा लागेल की काय दिलं आणि काय मिळालं. मी आले की निदान हात बघायचं काम असतं त्यांना.

एकच मागते. तू बाबांना पत्र लिही. मैत्रिणीच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर, पाकिटावर त्यांचं पूर्ण नाव घालून. लिही की तुला त्या नोकरीबद्दल काही ठाऊक नव्हतं. लिही की तू त्या दवाखान्यात चौकशी केलीस आणि तिथला कारकून म्हणाला, जूनअखेरची बरीच पत्रं पोचलीच नव्हती. कितीतरी मुलांची. असं लिही. कारकुनाचं वर्णनही कर, म्हणजे खरं वाटेल.

तुला खरं लिहायचा मोह होईल. माफी मागायचाही होईल. मागू नकोस. माफी मागितलीस की ते विचारतील, कशाची?

दोन वर्षांनी तुझं अक्षर बघतील आणि ते पत्र खोटं असेल, याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यांना ते हवं आहे. विश्वास ठेवतील की नाही, ते त्यांचं ते बघतील. तू फक्त लवकर लिही. पोस्टमन अकराला येतो आणि ते साडेदहापासून दारात बसतात.

तुझी बहीण